जुना मित्र आणि त्याची आठवण

मैत्रीविषयी आमच्या समाजात जे बोलले जाते ते बहुधा लग्नाच्या मांडवात, नाहीतर मरणाच्या दारी. एरवी मैत्री ही गृहीत धरण्याची गोष्ट. विहिरीचे पाणी, दारचा माड आणि शेजारचा मित्र यांची विचारपूस कोणी रोज करीत नाही. वसईच्या आम्हां सामवेदी ख्रिस्ती लोकांना 'कुपारी' हे नाव पोर्तुगीज 'कोंपाद्रे' या शब्दावरून पडले असे मानले जाते. मुलाचा बाप आणि त्याचा धर्मपिता यांचे एकमेकांशी जे नाते, ते या शब्दाने दाखविले जाते. म्हणजे आमच्या समाजाचे नावच मुळी जिवाभावाच्या एका नात्याचे नाव आहे. तरीही या नात्यापुढे उभे राहणारे नैतिक प्रश्न आम्ही क्वचितच तपासून पाहतो. असा एक प्रश्न २०२४ साली, पावसाळ्याच्या तोंडावर, आमच्यापुढे अनपेक्षितपणे उभा राहिला. पुष्कळ वर्षांनी जुना मित्र भेटतो तेव्हा आपण कोणाला भेटत असतो? समोर बसलेल्या माणसाला, की आपल्या आठवणीत राहिलेल्या माणसाला? आणि या दोघांत अंतर पडले असेल, तर आपली निष्ठा कोणाशी असावी?

हा मित्र आणि आम्ही एकाच आळीतले, एकाच शाळेतले आणि एकाच गायकवृंदातले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषेला वेदीपर्यंतची वाट मोकळी झाली. आमचा जन्म त्यानंतरचा. आम्ही मराठी गीते गात वाढलो, पण वडीलधाऱ्यांच्या ओठांवर लॅटिन गीते अजून रेंगाळत होती. आमचे गायनमास्तर दोन्ही जाणणारे. संध्याकाळच्या जपमाळेनंतर कंदिलाभोवती बसवून ते आम्हां पोरांना पेटीवर स्वर आणि कागदावर पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत. त्यांच्यापाशी एकच व्हायोलिन होते. ते आधी आमच्या हाती आले. त्यातून दारात दळलेल्या मिरचीसारखा डोळ्यांत पाणी आणणारा आवाज निघाला. मग ते मित्राच्या हाती गेले आणि तिथेच राहिले. मास्तरांनी स्वतः रचलेली मरियामातेच्या गीताची एक चाल तो वाजवू लागला की आळीतल्या बाया चुलीपुढून उठून ओटीवर येत.

१९८८ साली आम्ही गोरेगावच्या सेमिनरीत दाखल झालो आणि त्याच वर्षी तो व्हायोलिन घेऊन मुंबईस गेला. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत त्या काळी ख्रिस्ती वादकांचा मोठा भरणा होता. गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांतून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून आलेल्या पिढ्यांनी तिथे आपले स्थान मिळविले होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यसंयोजन सेबॅस्टियन डिसोझा करीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यातून त्यांचे नाव देशभर गेले. गंमत अशी की, ते नाव गुणगुणणाऱ्या पुष्कळांना असा कोणी माणूस खरोखर आहे हे ठाऊकच नव्हते. गोन्साल्विस पुढे गोव्यात परतले आणि २०१२ साली वारले. नाव लोकांच्या तोंडी राहिले, माणूस दृष्टीआड राहिला. ही गोष्ट आम्हांस नंतर वेगळ्याच संदर्भात आठवली.

आमचा मित्र या क्षेत्रात आला तो त्याच्या उतरणीच्या काळात. एका गाण्यासाठी चाळीस-पन्नास वादकांनी एकत्र बसण्याचे दिवस संपत आले होते. व्हायोलिनांचा सगळा ताफा सिंथेसायझरवर एका माणसाच्या बोटांखाली येऊ लागला, आणि प्रत्येक वाद्य वेगवेगळे ध्वनिमुद्रित करून मागाहून जोडणे सोयीचे ठरले. नव्वदचे दशक निम्मे सरेपर्यंत त्याला स्टुडिओतून महिन्याकाठी एखाददुसरे बोलावणे येई. मग हॉटेले, मग लग्नसमारंभ, आणि सरतेशेवटी बारमधील वाद्यवृंद.

सेमिनरीच्या सुट्यांत आम्ही त्याला भेटावयास धोबीतलावला जात असू. मेट्रो चित्रपटगृहाभोवतीचा तो परिसर तेव्हा वादकांचे माहेरघर होता. १८६५ पासूनचे फुर्ताडोंचे वाद्यांचे दुकान तिथे. गोव्यातील गावांच्या नावांनी चालणारे 'कूड' तिथल्या जेर महालात. आणि नाक्या-नाक्यावर इराण्यांची हॉटेले. एका गल्लीत एक अंधारे 'परमिट रूम' होते. हे नावही इतिहासाने ठेवलेले आहे. मुंबई प्रांतात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला, आणि परवान्याशिवाय पिणे हा गुन्हा ठरला. त्या दिवसांत घरच्या मागच्या खोलीत चोरून दारू विकणाऱ्या बायकांना मुंबईकर 'आंटी' म्हणत, आणि पोटासाठी हा धंदा पत्करणाऱ्या त्या आंट्यांत आमच्या ख्रिस्ती भगिनीही होत्या. पुढे बंदी सैल झाली, तरी दारावरच्या पाटीवर 'परमिट' हा शब्द राहून गेला. त्या परमिट रूमच्या कोपऱ्यातील टेबलाशी आम्ही दोघे एकेक बिअर घेऊन रात्री दहापर्यंत बसत असू. तो चमच्याने पेल्यावर ताल धरी आणि आम्ही मास्तरांची गीते हलक्या आवाजात गात असू. आमच्या तारुण्यातील निर्मळ आनंदाच्या घटकांत आम्ही त्या संध्याकाळी आजही मोजतो.

१९९६ साली आम्हांस गुरुदीक्षा मिळाली. आमच्या पहिल्या मिस्साबलिदानात व्हायोलिन त्यानेच वाजविले. त्यानंतर भेटी विरळ झाल्या. तो फार पितो हे आमच्या कानी येत होते. भेटून बोलू, असे आम्ही मनाशी म्हणत राहिलो. १९९९ साली एका दुपारी तो आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत आला. त्याचे पाय लटपटत होते. आई आजारी आहे, औषधाला पैसे हवेत, असे तो म्हणाला. बाहेर विवाहनोंदणीसाठी दोन कुटुंबे बसली होती. आम्ही खण उघडला, पाचशे रुपये त्याच्या हाती ठेवले आणि त्याला फाटकापर्यंत पोहोचविण्यास पहारेकऱ्याला सांगितले. भांडण झाले नाही. कटू शब्द बोलला गेला नाही. त्यानंतर पंचवीस वर्षे आमची गाठ पडली नाही.

२०२४ साली गायनमास्तर वारले. दफनभूमीत गर्दीच्या कडेला एक पांढऱ्या केसांचा, ताठ उभा असलेला माणूस आम्हांस दिसला. त्याने पेटी उघडून व्हायोलिन खांद्याला लावले, तेव्हाच आम्ही त्याला ओळखले. त्याने मास्तरांची तीच चाल वाजविली. प्रार्थना म्हणताना आमचा आवाज दोनदा अडखळला. माती देऊन झाल्यावर आम्ही त्याचा हात धरला आणि म्हणालो, "पुढल्या आठवड्यात धोबीतलावला भेटू. आपल्या त्याच टेबलावर." त्याने क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि तो "येतो" म्हणाला. त्या क्षणभराचा अर्थ आम्हांस तेव्हा लागला नाही.

ठरल्याप्रमाणे आम्ही भेटलो. चर्चगेटहून चालत निघालो ते जुन्या खुणा शोधतच. बस्तानी २००४ साली बंद झाले होते, पण १९०४ पासूनचे कयानी जागेवर होते. फुर्ताडोंचे दुकान होते. परमिट रूमही होते. आत वातानुकूलन आले होते आणि भिंतीवर मोठा दूरदर्शन संच. कोपऱ्यातले टेबल मिळाले. बोलण्याला पूर आला. मास्तरांची छडी, नाताळच्या रात्री बंद पडलेली पेटी, सणाच्या मिरवणुकीत बँडवाल्यांनी चुकविलेला सूर! आम्ही आमच्या बोलीत बोलत होतो, आणि तीस वर्षे तोंडात न आलेले शब्द आपोआप येत होते. या सुखाला हलके लेखावे असे आम्हांस वाटत नाही. मनुष्य एकट्याने आठवतो तेव्हा आपण हे कल्पिले तर नाही ना, अशी शंका त्याला येऊ शकते. दोघांनी आठवले की साक्ष मिळते. आपले बालपण खरोखर घडले होते, हे सांगणारा माणूस म्हणजे जुना मित्र.

वेटर आला. आम्ही दोन बिअर सांगितल्या. मित्र म्हणाला, "मला लिंबू-सोडा." आम्ही हसून म्हणालो, "अरे, आज तरी? जुन्या दिवसांसाठी एक पेला. एका पेल्याने काय होतं?" तो काही बोलला नाही. वेटर दोन्ही बाटल्या घेऊन आला. आम्ही त्याचा पेला भरला आणि त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो दोन बोटांनी तितक्याच हळू परत आमच्याकडे सरकवला आणि म्हणाला, "अकरा वर्षं झाली मी पीत नाही. एका पेल्याने काय होतं ते मला माहीत आहे. तू बोलावलंस म्हणून इथे आलो, नाहीतर या दारातून मी आत येत नाही. आता मला एक सांग. तुला माझ्याशी बोलायचंय, की त्याच्याशी?"

'त्याच्याशी' म्हणताना त्याने बोट दाखविले ते आमच्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे. जणू तिथे पंचविशीतला, पेल्यावर ताल धरणारा मुलगा बसला होता.

वाचकहो, आम्ही धर्मगुरू आहोत. दारूपायी मोडलेले संसार आम्ही पाहिले आहेत, चाळिशीच्या आतल्या बापांना मूठमाती दिली आहे, आणि व्यासपीठावरून या विषयावर अनेकदा बोललो आहोत. आमच्या धर्मग्रामाच्या शाळेतील एका वर्गखोलीत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा गट दर आठवड्यास बसतो. त्याची सूचना आम्हीच फलकावर लावतो. असे असूनही तो पेला आमच्याच हाताने पुढे गेला. जवळजवळ तीन तास आम्ही बोलत होतो. तेवढ्या वेळात "तू आता कसा आहेस?" हा साधा प्रश्न आम्ही त्याला एकदाही विचारला नव्हता. आम्हांस तो नकोच होता, असे म्हणावे लागेल. आम्हांस आमची संध्याकाळ परत हवी होती आणि तीत बसविण्यासाठी एक माणूस हवा होता.

सेमिनरीत वाचलेला संत ऑगस्टीन यांच्या 'कबुलीजबाब' ग्रंथाचा चौथा भाग त्या क्षणी आठवला. तागास्ते या त्यांच्या गावी ऑगस्टीन यांचा एक तरुण मित्र होता. दोघे बरोबर वाढलेले, एकाच वयाचे. मित्र तापाने बेशुद्ध पडला असता घरच्यांनी त्याला स्नानसंस्कार दिला. तो शुद्धीवर आल्यावर ऑगस्टीन यांनी त्या संस्काराची थट्टा केली. पूर्वीप्रमाणे मित्रही आपल्या हसण्यात सामील होईल अशी त्यांची खात्री होती. मित्र हसला नाही. शत्रूकडे पाहावे तसे त्याने त्यांच्याकडे पाहिले, आणि मैत्री हवी असेल तर असे बोलणे थांबव असे बजावले. थोड्याच दिवसांत तो वारला. ऑगस्टीन यांच्या दुःखाचे वर्णन सर्वांना ठाऊक आहे. त्या थट्टेचा प्रसंग मात्र आम्ही विद्यार्थी भरभर वाचून पुढे जात असू. तिथे ऑगस्टीन यांनी मित्रापुढे सरकवला तोही एक पेलाच होता. मित्र बदलला आहे, हे त्यांना दिसले नाही, कारण ते त्याच्याकडे पाहत नव्हते. आपल्या सवयीकडे पाहत होते. ऑगस्टीन यांनी या मित्राचे नाव दिलेले नाही. आम्हीही आमच्या मित्राचे देत नाही.

याच प्रश्नाची दुसरी बाजू अ‍ॅरिस्टॉटल यांनी मांडली आहे. आपल्या नीतिशास्त्राच्या आठव्या आणि नवव्या भागांत त्यांनी मैत्रीचा विचार केला आहे. उपयोगाची मैत्री, सुखाची मैत्री आणि सद्गुणाची मैत्री हे त्यांचे तीन प्रकार प्रसिद्ध आहेत. एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांस ओळखत नाहीत, ही तेव्हाची म्हणही ते सांगतात. पण नवव्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात ते अधिक अवघड ठिकाणी हात घालतात. मित्र बदलला तर मैत्री ठेवावी का? तो बिघडला तर? त्यांचे उत्तर विचार करण्यासारखे आहे. सुधारण्याजोगा असेल तर त्याला टाकू नये. आणि मदत करावयाची ती त्याच्या मालमत्तेपेक्षा त्याच्या चारित्र्याला अधिक करावी, कारण मैत्रीला साजेशी मदत तीच. आणि दोघांच्या वाटा पार वेगळ्या झाल्या तरी, एकेकाळच्या सहवासाची आठवण म्हणून जुन्या मित्राला परक्यापेक्षा काही अधिक द्यावे.

या कसोटीवर आम्ही १९९९ सालची दुपार ठेवून पाहतो. त्याच्या खिशाला आम्ही पाचशे रुपये दिले. त्याच्या जिवाला पाच मिनिटे दिली नाहीत. परक्या भिकाऱ्याला द्यावे तसे दिले आणि वाटेला लावले. त्या वेळी तो बिघडला होता आणि आमच्या आठवणीतल्या मित्राशी जुळत नव्हता, म्हणून आम्हांस नकोसा झाला. २०२४ साली तो सुधारला होता आणि पुन्हा आमच्या आठवणीतल्या मित्राशी जुळत नव्हता, म्हणून त्याला ओढून जुन्या साच्यात बसवू पाहत होतो. एकदा तो खाली गेला, एकदा वर आला. दोन्ही वेळा आम्ही आठवणीतल्या मित्राची बाजू घेतली आणि समोरच्याला एकटे सोडले. आठवण ही प्रेमाची खूण असते असे आपण समजतो. ती मालकीहक्काचाही दस्तऐवज होऊ शकते, हे आम्हांस त्या टेबलाशी कळले.

आम्ही त्याची क्षमा मागितली. पेल्याबद्दल मागितली आणि मग, धीर करून, त्या दुपारबद्दल. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आई तेव्हा आजारी नव्हती. तुला माहीत होतं?" आम्ही म्हणालो, "माहीत होतं." "तरी पैसे दिलेस." "तू जावंस म्हणून दिले." तो म्हणाला, "तेही मला माहीत होतं." पंचवीस वर्षांत आम्हां दोघांत झालेले हे पहिले पूर्ण सत्य संभाषण. त्याआधीचे तीन तास आम्ही आठवणींत रमलो होतो. त्यांत ही आठवण आम्ही दोघांनी शिताफीने वगळली होती. गाणी, गमती, मास्तर, सगळे आले. जिथे मैत्री मोडली ती जागा तेवढी आली नाही. खरे तर जुन्या मित्रांना एकमेकांची सर्वांत जास्त गरज असते ती त्याच जागी. तिथले सत्य तिसऱ्या कोणाला ठाऊक नसते आणि तिसऱ्या कोणापाशी त्याची क्षमा मिळत नाही.

पेले भरलेलेच ठेवून आम्ही उठलो, बिल दिले, आणि रस्ता ओलांडून कयानीत चहा आणि ब्रून-मस्का घेत बसलो. तिथे त्याने आपली गोष्ट सांगितली. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी एक शेअरदलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही दारूने ग्रासलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची चळवळ उभी राहिली, हे आम्हांस पुस्तकातून ठाऊक होते. पहिला पेला टाळणे आणि तेही आजच्या दिवसापुरते, या शिस्तीची किंमत काय असते ते त्याच्याकडून कळले. त्याच्यासारख्याला 'एक पेला' नावाची वस्तूच नसते. श्रद्धामाता तर हे आपल्या धर्मगुरूंच्या बाबतीतही ओळखते. रोमच्या श्रद्धासिद्धान्तविषयक मंडळाने २००३ साली काढलेल्या पत्राप्रमाणे, द्राक्षारस घेऊ न शकणाऱ्या धर्मगुरूला आपल्या अधिकाऱ्याच्या अनुमतीने वेदीवर मुस्तुम, म्हणजे आंबण्याची क्रिया थांबविलेला द्राक्षांचा रस, वापरता येतो. जिथे विधीचा एकेक शब्द जपला जातो, तिथे दुर्बल माणसासाठी वाट ठेवली आहे. आम्ही एका टेबलापुरतीही ठेवली नव्हती.

यावरून कोणी असे समजू नये की, आम्ही आनंदाच्या बैठकीविरुद्ध लिहीत आहोत. प्रभूचा पहिला चमत्कार कानातील लग्नघरी, द्राक्षारस संपला तेव्हा झाला. मुंबईत एकट्याने राहणाऱ्या, खोलीत आडवे होण्यापुरतीच जागा असणाऱ्या कामकरी माणसाला दिवसाअखेर चार माणसांत बसावयास मिळे ते अशाच एखाद्या टेबलाशी, हेही आम्ही पाहिले आहे. त्या टेबलाने कित्येकांना एकटेपणापासून वाचविले आणि कित्येकांना बुडविले. कोण कोणत्या काठावर आहे, हे पाहण्याची जबाबदारी मित्राची. वेटर ती घेऊ शकत नाही.

बेन सिराच्या ग्रंथात जुन्या मित्राला सोडू नये असा उपदेश आहे आणि नव्या मित्राला नव्या द्राक्षारसाची उपमा आहे. तो मुरला म्हणजे गोड लागतो. आमच्या मित्रापुढे ही उपमा जपून वापरावी लागेल, हे खरे. पण तिच्यातील एक गोष्ट आमच्या ध्यानी आली नव्हती. मुरणे म्हणजे बदलणे. पिंपात भरला तो रस आणि वर्षांनंतर निघतो तो रस एक नसतो, आणि म्हणूनच त्याला मोल येते. जुना द्राक्षारस उघडून त्यात कालच पिळलेल्या द्राक्षांची चव शोधणाऱ्याला आपण अडाणी म्हणू. जुन्या मित्राबाबत मात्र आपण सगळेच ते करतो. "तू अजिबात बदलला नाहीस," हे आपण कौतुक म्हणून सांगतो आणि "तू फार बदललास," हा ठपका म्हणून ठेवतो.

आमच्या धर्मग्रामांतून आता शाळेच्या जुन्या वर्गांची संमेलने होऊ लागली आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर गट निघतो, कोणी आखातातून येतो, कोणी कॅनडातून. अर्नाळ्याकडे एखादे रिसॉर्ट घेतले जाते, गाणी लागतात, बाटल्या उघडतात. हे चांगले आहे. पण त्या रात्री कोणी तरी पेल्याला नको म्हणतो, कोणाच्या घरी नुकतेच मरण झालेले असते, कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाला चाळीस वर्षांपूर्वीचे टोपणनाव अजूनही टोचते. आपण त्याला हात धरून जुन्या नाचात ओढतो आणि म्हणतो, "पूर्वी कसा होतास!" प्रभूच्या पुनरुत्थानाच्या पहाटे बागेत मग्दालेना रडत होती, आणि ज्याला ती शोधत होती तोच समोर उभा असता तिने त्याला माळी समजले. ओळख पटल्यावरही प्रभूने तिला आपणांस धरून ठेवू दिले नाही. पूर्वीच्या रूपाला मिठी मारून बसलो तर समोर जिवंत उभे असलेले दिसत नाही, असा त्या प्रसंगाचा एक अर्थ आम्ही आता घेतो.

मित्र सध्या मुंबईच्या दोन धर्मग्रामांत मुलांना व्हायोलिन शिकवितो. आम्ही त्याला आमच्या धर्मग्रामाच्या सणाला बोलावले. तो सहा मुले घेऊन आला आणि त्यांनी मास्तरांची चाल वाजविली. ती आमच्या आठवणीतल्यापेक्षा संथ होती, मधली एक हरकत त्याने काढून टाकली होती, आणि खालच्या स्वरांत एक नवी साथ घातली होती. पहिल्या कडव्याला आमचा हात जुना ताल धरावयास नकळत वर गेला. मग आम्ही तो खाली घेतला आणि ऐकत राहिलो.

मिस्साबलिदानानंतर तो सामानाच्या खोलीत एका मुलाच्या व्हायोलिनला नवी तार चढवीत बसला होता. मुलगा घाई करीत होता. तो त्याला म्हणाला, "एकदम ताणू नकोस, तुटेल. थोडी चढव, थांब, ऐक, मग परत थोडी." आम्ही दाराशी उभे राहून ते ऐकले. मग चहा सांगितला, खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसलो आणि त्या दिवशी पंचवीस वर्षांनी राहून गेलेला प्रश्न विचारला: "बरं, आता सांग. तू कसा आहेस?"

त्याला सांगावयास संध्याकाळ लागली.